रोटरी पॉलिशरला पॅड कुठले घ्यावेत, आणि पावसाळ्यात ते धुऊन सुकवायचे कसे?

पडवीतला_पेंटर (कुडाळ)

नमस्कार मंडळी,

चतुर्थी तोंडावर आली की आमच्याकडे घराला रंग आणि गाडीला पॉलिश ही दोन्ही कामं एकदमच निघतात. माझं डेंटिंग-पेंटिंगचं छोटं शेड आहे. मशीन रोटरी (एकाच अक्षावर गरगर फिरणारं पॉलिशर), झकास चालतं. आजवरचा शिरस्ता असा: दोन्ही अंगांना लोकर असलेला बोल्टवाला पॅड, रबिंग कंपाउंड (रंग घासायची पेस्ट), आणि शेवटी हाताने वॅक्स. पांढऱ्या-चंदेरी गाडीला तेवढं पुरतं. पण हल्ली काळ्या आणि गडद निळ्या गाड्या वाढल्यात, आणि त्यांचे मालक मोबाइलचा टॉर्च पेटवूनच गाडी घ्यायला येतात. लोकरीमागे राहणारी गोल गोल जाळी त्यांना बरोबर दिसते. वॅक्सने ती झाकते, पण दोन वेळा गाडी धुतली की परत उघडी.

म्हणून आता वेल्क्रोची प्लेट (मशीनवर बसते, पॅड तिला चिकटतो) आणि फोमचे पॅड घ्यायचेत. दुकानात गेलो तर पिवळा, केशरी, पांढरा, काळा, निळा अशी रंगपंचमी मांडलेली. दुकानदार म्हणतो, "पिवळा न्या, सगळ्याला चालतो." सगळ्याला चालणारी वस्तू मला अजून कुठे भेटलेली नाही, म्हणून इथे विचारतोय.

दुसरं म्हणजे धुणं. लोकरीचा पॅड वाळल्यावर टणक होतो. फोमचं तर काहीच माहीत नाही. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन म्हणजे लॉटरी. धुतलेला पॅड आठवडाभर दमट राहिला तर काय करायचं?

खाडीकाठ (चिपळूण)

रंगावर अजिबात जाऊ नका. तुमच्या त्या पिवळ्याचंच घ्या. लेक कंट्री कंपनीचा पिवळा पॅड कटिंगचा, म्हणजे कडक. ३एमच्या हिरवा-पिवळा-निळा मालिकेत पिवळा मधला, पॉलिशिंगचा. आणि रुपेसचा पिवळा बारीक कामाचा. रंग एक, कामं तीन. बिननावाच्या पॅडांमध्ये तर रंग ठरतो तो त्या दिवशी कारखान्यात जो शिल्लक असेल त्यावर.

दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा: अंगठ्याने दाबा. दाबायला जोर लागला आणि सोडताक्षणी फोम उसळून जागेवर आला, तर तो कापणारा. सहज दबला आणि आळसावून वर आला, तर फिनिशिंगचा. मग पॅड ओठांना लावून फुंकर मारा (दुकानदार बघत नसताना). हवा आरपार गेली तर उघड्या छिद्रांचा फोम. तो गरम कमी होतो आणि धुतल्यावर लवकर सुकतो. हवा अडली तर बंद छिद्रांचा. तो कंपाउंड कमी पितो, पण एकदा आत पाणी गेलं की लवकर सोडत नाही. कोकणात पहिला बरा.

जुना_हात (रत्नागिरी)

खाडीकाठांनी फोमचं सांगितलं, मी आधी प्लेटचं सांगतो, कारण पॅड विकत घेताना लोक तिच्याकडे बघतच नाहीत.

पहिली गोष्ट आटे. आपल्याकडच्या बहुतेक रोटरी मशीनच्या दांड्याला एम१४ (१४ मिमी मापाचे) आटे असतात. ऑनलाइन मागवलेल्या काही प्लेटा अमेरिकन मापाच्या, ५/८ इंचाच्या येतात. त्या या दांड्यावर नीट बसत नाहीत. पान्याने जोर लावून बसवायच्या भानगडीत पडू नका, दांड्याचे आटे जातील.

दुसरी गोष्ट माप. पॅड प्लेटपेक्षा चहूबाजूंनी थोडा मोठा हवा. १५० मिमीच्या पॅडला १२५ची प्लेट. पॅड आणि प्लेट एकाच मापाची असली आणि मशीन जरा तिरकं झालं, की प्लेटची कड थेट रंगावर. आणि पॅड बरोबर मधोमध लावा. रोटरीवर बोटभर सरकलेला पॅड फेकाफेक करतो, हात भरून येतात आणि पॉलिशही एकसारखं होत नाही.

आता मोठा पॅड की लहान? याचं गणित साधं आहे. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर १८० मिमीच्या पॅडची कड सेकंदाला साधारण १४ मीटर धावते. त्याच फेऱ्यांवर ८० मिमीची कड धावते फक्त सव्वासहा मीटर. म्हणजे मशीनवरचा आकडा तोच राहिला तरी मोठा पॅड दुपटीहून जास्त वेगाने घासतो. बॉनेट आणि टप यांना मोठा पॅड ठीक. दाराचे खांब, आरशांची पाठ, नंबर प्लेटच्या आसपासची खोबण, बंपरचे कोपरे, इथे ८० मिमीच. निम्म्या गाड्यांचा रंग याच जागी उडतो, कारण धारेवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. धारांवर आधी मास्किंग टेप मारा. टेप काढल्यावर उरलेली पट्टी हाताने पुसून घ्या.

खरेदीचं म्हणाल तर: वेल्क्रोचा लोकरी पॅड एक, मध्यम कडक फोम तीन, मऊ फोम दोन, आणि ८० मिमीचे मध्यम-मऊ मिळून चार. अगदी कडक फोम तुम्हाला लागणार नाही, त्याचं काम लोकर जास्त थंड डोक्याने करते. तंतूंच्या मधून हवा खेळते, त्यामुळे तेवढीच कापणी करताना लोकर फोमपेक्षा कमी तापते. पीळ दिलेली लोकर जास्त कापते, सुटी कोकराची लोकर मऊ. मायक्रोफायबरचे पॅड घेऊ नका. ते डीए (डबल अ‍ॅक्शन, म्हणजे फिरता फिरता हलणाऱ्या) मशीनसाठी बनवलेले असतात. रोटरीवर एकाच दिशेने फिरून ते तापतात आणि थरापासून सुटतात.

मध्यम फोम तीन का, तर एका पॅडवर अख्खी गाडी होत नाही. फोम कंपाउंड पितो, जड होतो, मधोमध तापतो आणि खचतो. खचलेला पॅड कापत नाही, नुसता चोळतो. मग माणूस कंपाउंड वाढवतो किंवा मशीन दाबतो. दोन्ही चूक. पॅड बदला.

पडवीतला_पेंटर (कुडाळ)

दादा, एवढं मुद्देसूद कोणी सांगितलं नव्हतं. सुरुवात लोकरीने करून मग फोमवर यायचं ना?

जुना_हात (रत्नागिरी)

नाही, उलट. आधी एका कोपऱ्यात हातभर जागा टेपने आखा, आणि तिथे मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने बघा. जमलं नाही तर मध्यम. तरीही नाही तर लोकर. जिथे काम झालं तिथे थांबा, आणि त्याच जोडीने गाडी करा. लोकर वापरलीच तर मागून मध्यम आणि मऊ फोम फिरवावाच लागतो, नाहीतर तुमची ती टॉर्चवाली जाळी.

याचं कारण रंगाची जाडी. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतं. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५०. त्यातून दर वेळी तुम्ही थोडा खरवडून काढताय, आणि तो परत उगवत नाही.

एक खूण लक्षात ठेवा. पांढऱ्या फडक्यावर कंपाउंडचा थेंब घेऊन आडोशाच्या जागी चोळा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तो जुन्या पद्धतीचा, क्लिअर नसलेला रंग. जुन्या टेम्पो-जीपवर असतो. तिथे पॅड लाल-निळे होणारच, घाबरायचं कारण नाही, फक्त पॅड लवकर लवकर साफ करायला लागतात. पण क्लिअर असलेल्या गाडीवर काम चालू असताना पॅडवर रंग दिसला, तर मशीन तिथल्या तिथे बंद. क्लिअर संपलाय.

लाल_माती (राजापूर)

माझ्याकडे पॉलिशर नाही, पण अँगल ग्राइंडर आहे. त्याचेही आटे एम१४च. पॅड बसतो. चालेल का?

खाडीकाठ (चिपळूण)

बसेल, आणि गाडी बसवेल. ग्राइंडर ११,००० फेऱ्यांवर धावतो, पॉलिशर ६०० ते ३०००. त्यातही रंगावर २०००च्या वर जायचं काम नसतं. कंपाउंड पसरायला ६००-८००, मग १२०० ते १५००, कुठे अडलं तर १८००. ग्राइंडरवर फोम फाटून तोंडावर येईल. कृपा करून नको.

गुहागरची_सून (पुणे / गुहागर)

मी गाड्या हौसेने करते, धंदा नाही. माझं मत थोडं वेगळं. धागाकर्त्यांनी पॅडांवर पैसे घालण्याआधी डीए मशीनचा विचार करावा. रोटरी एकाच अक्षावर गरगर फिरते, त्यामुळे जाळी आणि उष्णता तिच्या स्वभावातच आहे. डीए फिरता फिरता हलतेही, रंग जळायची भीती फार कमी. गडद गाडीवर शेवटचा हात डीएचा असला तर टॉर्चवाल्यांचं तोंड आपोआप बंद होतं.

बाकी पॅडांविषयी जुना_हात यांच्याशी सहमत. फक्त एक भर: रोटरीचे जाड पॅड डीएवर लावू नका. त्या हालचालीचा जोर फोमच्या जाडीतच जिरतो आणि पॅड फिरायचाच थांबतो. डीएला पातळ पॅड.

जुना_हात (रत्नागिरी)

ताई, मान्य. पण ज्याचं पोट शेडवर आहे त्याला दुसरं मशीन लगेच परवडेल असं नाही. आणि खोल ओरखडा काढायला रोटरीचा वेग लागतोच. मऊ पॅड, १०००-१२०० फेऱ्या, मशीनच्या वजनाएवढाच दाब आणि पॅड पूर्ण सपाट ठेवला तर रोटरीवरही काळी गाडी स्वच्छ निघते. हात बसायला वेळ लागतो, एवढंच.

गुहागरची_सून (पुणे / गुहागर)

तुमचा हात बसलाय म्हणून तुम्हाला सोपं वाटतं, काका. :) असो. धाग्याचा विषय पॅड आहे, त्यावर येऊ.

साफसफाई दोन प्रकारची: काम चालू असतानाची आणि काम संपल्यावरची. लोक दुसरीवर चर्चा करतात आणि पहिली करतच नाहीत. खरं नुकसान तिथे होतं. पॅडमध्ये वापरलेलं कंपाउंड आणि रंगाची पूड मिळून गोळा होतो, तो गरम होऊन वाळतो आणि मग दगडासारखा ओरखडत जातो. नव्या पॅडचं, महागड्या पॉलिशचं, सगळ्याचं वाटोळं त्या एका वाळलेल्या खड्याने होतं.

म्हणून प्रत्येक पत्र्यानंतर पॅड साफ. दार झालं, साफ. फेंडर झालं, साफ. फोमसाठी नायलॉनचा ताठ ब्रश. मशीन कमीत कमी वेगावर, पॅड आपल्याकडे तोंड न करता बाजूला, आणि ब्रश हलका टेकवून मध्यापासून कडेकडे आणायचा. मग मायक्रोफायबरचं फडकं पॅडवर दाबून ओल टिपून घ्यायची. लोकरीसाठी दातेरी चाकांचा स्पर मिळतो. स्पर फोमला कधीही लावायचा नाही, फोमचा चुरा होतो.

पडवीतला_पेंटर (कुडाळ)

स्परऐवजी स्क्रूड्रायव्हर चालतो का? आमच्याकडे सगळे तोच लावतात.

जुना_हात (रत्नागिरी)

सगळे लावतात हे खरं. टोक तंतूंत अडकतं, झुबकाच्या झुबका उपटून येतो, पॅडला टक्कल पडतं आणि मग तो थडथडायला लागतो. स्पर काही महाग नाही.

त्याचा वापर असा. मशीन मांडीशी किंवा बाकावर घट्ट धरा, पॅडचं तोंड वर. साधारण १००० फेऱ्या. स्परची चाकं मध्याजवळ टेकवा आणि सावकाश कडेला न्या. सुरुवातीला पांढरा धुरळा उडेल, मग वाळलेल्या खपल्या टपटप पडतील, आणि दोन-तीन फेऱ्यांत चिकटून बसलेले तंतू सुटे होऊन पॅड परत फुललेला दिसेल. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि हे सगळं गाडीपासून लांब. नवीन लोकरी पॅडही पहिल्यांदा असाच झाडून घ्या, सुटे केस निघून जातात. नाहीतर ते सगळे ओल्या कंपाउंडवर बसतात आणि गाडी केसाळ.

शिडाचा_कप्तान (दापोली)

कंप्रेसर असलेल्यांसाठी: ब्रशपेक्षा हवा चांगली. पॅड हळू फिरता ठेवून ब्लो गनने तिरकी हवा मारा, आत मुरलेलं कंपाउंड बाहेर उडतं, आणि पॅड थंडही होतो. नाकाला मास्क लावा.

पण आपल्याकडच्या लोकांनी आधी टाकीचा खालचा कॉक उघडून पाणी सोडावं. पावसाळ्यात हवेतला दमटपणा कंप्रेस होऊन टाकीत पाण्याच्या रूपात साठतो. ते तसंच राहिलं तर साफ करायच्या नावाखाली तुम्ही पॅडवर गंजकट पाण्याचा फवारा मारताय. रोज सकाळी कॉक उघडायचा, मगच कामाला हात.

मिस्त्री_नंबर_दोन (कणकवली)

तुम्ही सगळे फारच नाजूक आहात राव. आमचे पॅड आम्ही थिनरने धुतो. नाहीतर रॉकेल. वर्षानुवर्षं धुतोय. पॅडला काही होत नाही, पाच मिनिटांत लख्ख.

खाडीकाठ (चिपळूण)

तुमचे पॅड बोल्टचे, शिवलेले असणार. त्यात चिकटवलेला असा थरच नसतो, म्हणून थिनर पचतो. वेल्क्रोच्या पॅडमध्ये फोम, मधला थर आणि वेल्क्रो हे सगळं डिंकावर उभं आहे. थिनरने डिंक सुटतो, फोम फुगून लिबलिबीत होतो. मग १५०० फेऱ्यांवर पॅड एकीकडे आणि वेल्क्रो एकीकडे, आणि उघडी प्लेट बॉनेटवर.

रॉकेल डिंकावर तेवढं घातक नसेल, पण मागे तेलकटपणा ठेवतं. पुढच्या गाडीवर पॉलिश नुसतं घसरत राहतं.

आणि सर्वांत मोठं: पॉलिशरच्या मोटारीत कार्बन ब्रश असतात, ते ठिणग्या टाकतात. थिनरने ओला पॅड त्याच मशीनवर लावून फिरवणं म्हणजे काय, हे पेंटरला सांगायला नको.

मिस्त्री_नंबर_दोन (कणकवली)

ठिणगीचा मुद्दा पटला. पॅड शिवलेलेच आहेत, बरोबर ओळखलंत. मग वेल्क्रोवाल्याला काय वापरायचं ते तरी सांगा.

गुहागरची_सून (पुणे / गुहागर)

कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड. बस. पॅड ओला असतानाच, म्हणजे काम संपल्या संपल्या धुवायचा. कंपाउंड वाळायच्या आत धुतला तर निम्मं काम नुसत्या पाण्यानेच होतं. लगेच जमत नसेल तर पॅड ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, पण रात्रभर बादलीत बुडवून नको. डिंक भिजून सैल होतो. पाव तास भिजवणं पुष्कळ.

चिवट डाग असेल, मेण किंवा सीलंट मिसळलेलं पॉलिश वापरलं असेल, तर ऑल पर्पज क्लीनर दहापट पाण्यात पातळ करून बोटांनी चोळायचा. कपड्यांची पावडर नको. न विरघळलेले कण फोमच्या छिद्रांत बसतात, आणि नेमकं तेच आपल्याला काढायचं असतं. ब्लीच नको. कपडे मऊ करणारं फॅब्रिक कंडिशनरही नको, त्याचा थर फोमवर राहतो.

धुताना पॅड तोंड खाली करून तळहाताने दाबायचा आणि सोडायचा, दाबायचा आणि सोडायचा. फेस पांढरा येईपर्यंत. मग साध्या पाण्यात परत तसंच, फेस पूर्ण जाईपर्यंत. पिळायचा नाही. पिळला की फोम वेल्क्रोच्या कडेला चिरतो. ती चीर आधी नखाएवढी असते आणि मशीनवर वितीएवढी होते.

वेल्क्रोच्या बाजूकडे कोणी बघत नाही. तिथे धागे, केस, फडक्यांची लव अडकून पकड जाते. जुन्या टूथब्रशने साफ करा.

लाल_माती (राजापूर)

लोकरीच्या पॅडला आमची आजी शाल धुते तसं रिठ्याचं पाणी चालेल काय? घरात पोतंभर रिठे पडलेत.

जुना_हात (रत्नागिरी)

चालेल की. रिठा लोकरीला सौम्य. रिठे उकळून, गाळून, पाणी पूर्ण गार करून घ्या. गरम पाणी लोकरीला अजिबात नको, तंतू आकसून एकमेकांत गुंततात आणि पॅडचा नमदा होतो. धागाकर्त्यांचा पॅड वाळल्यावर टणक होतो त्याचं एक कारण हे असू शकतं. दुसरं म्हणजे आधी स्पर न मारता थेट पाण्यात घालणं. वाळलेलं कंपाउंड मुळाशी बसलेलं असतं, ते पाण्याने पसरून सगळीकडे मुरतं. आधी कोरडं झाडा, मग धुवा, आणि अर्धवट ओला असताना परत एकदा स्पर फिरवा. वाळल्यावर मऊ राहील.

पण तेलकट कंपाउंड असेल तर नुसत्या रिठ्यावर भागणार नाही, आधी लिक्विड लागेलच.

पडवीतला_पेंटर (कुडाळ)

धुण्याचं समजलं. आता सुकवण्याचं बोला. बाहेर आज सकाळपासून पाऊस धरलेला आहे.

शिडाचा_कप्तान (दापोली)

ऊन नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, ऊन लागतच नाही. उन्हाने फोम ठिसूळ होतो आणि तापून डिंक सुटतो. मे महिन्यात पत्र्यावर पॅड वाळत घालणाऱ्यांचे पॅड पावसाळा बघत नाहीत. हवा हवी, ऊन नको.

माझी पद्धत: आधी पॅड कोरड्या टॉवेलमध्ये ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबायचा, टॉवेल पाणी पितो. मग हात कोरडे करून पॅड मशीनवर लावायचा, रिकाम्या बादलीत तोंड खाली धरून सर्वांत कमी वेगावर काही सेकंद फिरवायचा. बादलीच्या भिंतीवर पाण्याचा पट्टा उठतो, तो आला की पुरे. पाण्याने निथळता पॅड थेट मशीनवर लावू नका, पाणी मोटारीत जातं. आणि शेडच्या लाइनवर ईएलसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर हा उद्योग करूच नका, टॉवेलवर भागवा.

त्यानंतर पंख्याखाली, वेल्क्रो वर, फोम खाली. उरलेलं पाणी फोमकडे उतरतं, डिंकात मुरत नाही. खालून हवा लागली पाहिजे, म्हणून फरशीवर नाही. मी घरातली तांदूळ धुवायची रोवळी पालथी घालून तिच्यावर ठेवत होतो, फारच छान सुकत. मग घरात शोध लागला. आता माझी स्वतःची वेगळी रोवळी आहे, तिच्यावर लाल रंगाने फुली मारून दिली आहे.

खाडीकाठ (चिपळूण)

रोवळी +१. :D

भर: वरून कोरडा लागला म्हणजे पॅड सुकला असं नाही. कोरड्या कागदी नॅपकिनवर ठेवून जोरात दाबा. कागद ओला झाला तर आत पाणी आहे. दमट पॅडवर पॉलिश पातळ होतं, फोम लिबलिबतो, आणि आतल्या पाण्याची गरम वाफ होऊन डिंकाला त्रास देते. खात्री झाल्याशिवाय झिपच्या पिशवीत घालू नका. पिशवीत दमट पॅड ठेवला की आपल्या हवेत काळे ठिपके आलेच. बुरशी आत शिरलेला फोम मी परत रंगावर लावत नाही.

सुकला की मात्र लगेच पिशवीत, उघड्यावर नको. आपल्याकडे रस्त्याकडेच्या प्रत्येक शेडमध्ये लाल धूळ असते, ती जांभ्याची, आत बारीक रेव घेऊन. एक पिशवी, एक पॅड, आणि पिशवीवर मार्करने कंपाउंडचं नाव. जाड कंपाउंड पिणारा पॅड धुतला तरी बारीक पॉलिशला वापरायचा नाही.

जुना_हात (रत्नागिरी)

लाल धुळीचं निघालंच आहे म्हणून. पॅड जमिनीवर पडला तर काय करता? माझा नियम: मऊ पॅड पडला की तो गाडीच्या रंगाला परत लागत नाही. फोमच्या छिद्रात गेलेली रेव धुऊन सगळी निघाली हे तुम्ही कशावरून सांगणार? तो पॅड हेडलाइटच्या काचेला, सायलेन्सरला, पितळेच्या समईला. रंगाला नाही.

त्याच न्यायाने गाडी. समुद्राकाठची गाडी आधी साध्या पाण्याने भरपूर धुवा, मीठ जाऊ दे. मग शॅम्पू, मग क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी). हात पिशवीत घालून बॉनेटवरून फिरवा, खरखर लागली तर क्ले राहिलाय. ही खरखर पॅडने काढायला गेलात तर दिवसभर पॅडच धूत बसाल. आंब्या-फणसाचा चीक पडलेला असेल तर तोही आधी वेगळा काढून घ्या. मशीनच्या उष्णतेने तो मऊ होऊन पॅडभर पसरतो, आणि तो पॅड मग धुऊन होत नाही.

देवबागचो_तांडेल (मालवण)

गजाल बरी चल्ली आसा, म्हणान मीय घुसतंय. पुढचा सगळ्यांका कळात असा लिवतंय.

मी गाड्या नाही, पर्यटकांच्या फायबरच्या होड्या पॉलिश करतो. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हाच काम. उन्हाने आणि मिठाने जेलकोट (होडीचा बाहेरचा गुळगुळीत थर) पांढरट, खडूसारखा होतो. तिथे मी पीळवाली लोकर आणि जाड कंपाउंड वापरतो, फोमने काही हलत नाही. खडू इतका निघतो की हातभर जागा झाली की स्पर मारावा लागतो.

माझा प्रश्न असा: हाच लोकरी पॅड नीट धुऊन घरच्या जीपला वापरला तर? जीप काळी आहे.

जुना_हात (रत्नागिरी)

तांडेलभाऊ, नको. जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणजे गाडीच्या क्लिअर कोटच्या दहापट. म्हणून तिथे जाड कंपाउंड आणि दांडगाई खपते. त्या कंपाउंडचा भरड कण लोकरीच्या मुळाशी राहतोच, कितीही धुवा. तोच पॅड काळ्या जीपवर फिरवलात तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सगळं देवबाग तुमच्या बॉनेटवर वर्तुळं मोजेल.

होडीच्या पॅडच्या पाठीवर मार्करने "होडी" लिहा आणि तो वेगळ्या डब्यात. जीपला वेगळा, तोही लोकरीने सुरुवात नको, आधी मऊ फोमने बघा, मग मध्यम.

देवबागचो_तांडेल (मालवण)

समाजला. आणि होडीवर लोकरीनंतर फोम मारायचा की नाही?

गुहागरची_सून (पुणे / गुहागर)

पांढरी होडी असेल तर लोकरीनंतर थेट वॅक्स चालेल, जाळी दिसत नाही. निळी किंवा लाल असेल तर मध्यम फोमचा एक हात द्या. फोमला जेलकोटचा खडू पटकन भरतो, म्हणून दोन पॅड आलटून पालटून, एक मशीनवर असताना दुसऱ्याला ब्रश.

पडवीतला_पेंटर (कुडाळ)

मंडळी, ऑर्डर टाकली: एक लोकरी, तीन मध्यम, दोन मऊ, चार लहान, १२५ची आणि ७५ची प्लेट दोन्ही एम१४, स्पर एक. ब्रश बाजारातून आणतो. रोवळी कुडाळच्या बुधवारच्या बाजारात मिळेल, घरची नको.

एक राहिलं. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं, मशीनचा आवाजच खाली येतो. तेव्हा काय, आकडा वाढवायचा?

शिडाचा_कप्तान (दापोली)

नाही. अचानक व्होल्टेज परत आलं की मशीन एकदम उसळेल आणि पॅड हातातून ओढेल. तेवढ्या वेळात पॅड धुवायला बसा.